दोन पंपांमधलं अंतर

लाहौलमधल्या तांडीला चंद्रा आणि भागा एकमेकींना मिळतात आणि पुढे चिनाब होऊन वाहतात. मनालीहून लेहला मोटारसायकलवर निघालेल्यांच्या लक्षात मात्र तांडी राहते ती पेट्रोल पंपामुळे. पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे, असं सांगणारी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. त्या पाटीशेजारी फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. मीही काढला. मग मनातल्या मनात गुणाकार केला. टाकी 15 लिटरची, ॲव्हरेज 30 चं, म्हणजे साडेचारशे किलोमीटर. पण हे 30 पुणे-सातारा रस्त्यावरचे. वाटेतल्या बारालाचा खिंडीच्या चढावर, मागे सामान बांधलेलं, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकतेय, तेव्हा 24 च मिळाले तर? 15 गुणिले 24, 360. म्हणजे पाच किलोमीटर कमी. मी पाच लिटरचा कॅन भरून घेतला.

ज्या गाड्यांना आज आपण ॲडव्हेंचर टूरर म्हणतो, त्यांची ती फुगीर, गुडघ्यांना बाहेर ढकलणारी टाकी याच गुणाकारातून जन्मली. फक्त तो मांडला गेला हिमालयात नाही, सहारात.

सहाराच्या आधी मोटारसायकलींची दोन वेगळी घराणी होती. एक प्रवासी गाड्यांचं. डांबरी रस्त्यावर दिवसभर पळणाऱ्या या गाड्यांना मोठ्या टाक्या मिळायच्या. 1970 च्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या आर 75/5 ला 24 लिटरची टाकी होती. दुसरं घराणं मातीचं. तिथे गाडी हलकी हवी, उड्या मारायला मोकळी हवी, त्यामुळे टाकी जेमतेम. यामाहाच्या एक्सटी 500 मध्ये नऊ लिटरही मावत नसत. जंगलात दोन तास हुंदडून घरी यायचं, त्याला तेवढं पुरे.

या दोन घराण्यांची सोयरीक जुळवली तिएरी साबीन या फ्रेंच माणसानं. 1977 साली आबिजान-नीस रॅलीत मोटारसायकल चालवताना तो लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि जेमतेम वाचला. दुसरा कुणी त्या वाळूचं नाव पुन्हा काढता ना. साबीननं परत येऊन त्याच वाळवंटातून जाणारी शर्यत आखली. 26 डिसेंबर 1978 ला पॅरिसहून गाड्या निघाल्या आणि सुमारे दहा हजार किलोमीटर कापून सेनेगलच्या डाकारला पोचल्या. मोटारसायकलींत पहिला आला सिरिल नव्ह, आणि तोही एक्सटी 500 वर. पुढच्या वर्षीही तोच, त्याच गाडीवर. इंजिन चिवट होतं, गाडी हलकी होती. पण कारखान्यातून येणारी नऊ लिटरची टाकी घेऊन सहारा ओलांडता येणार नव्हता. म्हणून स्पर्धकांनी मूळ टाक्या काढून मोठ्या बसवल्या. ॲडव्हेंचर टाकीचे खरे पूर्वज हे असे, एकेका गाडीपुरते, गरजेपोटी चढवलेले.

त्या टाकीला कारखान्यात आणलं ते यामाहाच्या फ्रान्समधल्या आयातदार कंपनीचा प्रमुख, जाँ-क्लोद ओलिव्हिए यानं. तो नुसता विक्रेता नव्हता. स्वतः डाकारच्या शर्यतीत उतरायचा आणि 1985 मध्ये तर दुसरा आला. वाळवंटातून आलेली गाडी सामान्य माणसाला दुकानात मिळाली पाहिजे, हा त्याचा ध्यास. त्यातून 1983 मध्ये एक्सटी 600 झेड तेनेरे बाजारात आली. टाकी जवळपास 30 लिटरची. एकाच सिलिंडरचं इंजिन, लिटरला सतरा-अठरा किलोमीटर धरले तरी एका दमात पाचशे. मातीच्या गाडीवर प्रवासी गाडीपेक्षा मोठी टाकी घेऊन आलेली ही पहिली मोठी, सर्वांना विकत घेता येणारी गाडी, असं मला वाटतं. आजचं सगळं कुळ तिच्यापाशी जाऊन थांबतं.

तिचं नावही नीट पाहण्यासारखं आहे. तेनेरे हा नायजरमधला सहाराचा एक भाग. तुआरेग लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थच वाळवंट. तिथे एक बाभळीच्या जातीचं झाड उभं होतं, आसपास शेकडो किलोमीटर दुसरं झाड नाही. तांडे त्याच्यावरून दिशा धरत, नकाशात त्याची खूण असे. 1973 मध्ये एका ट्रकचालकानं ते पाडलं. एवढ्या मोकळ्या जागेत, नेमकं त्यालाच धडकून! वाळलेलं खोड आता नियामेच्या संग्रहालयात आहे आणि मूळ जागी एक धातूचा खांब. टाकीवर हे नाव रंगवणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण पाण्याशिवाय आणि खुणेशिवायच्या जागेचं नाव पेट्रोलच्या टाकीवर यावं, याहून चपखल काही सुचत नाही.

आता टाकी या शब्दाकडे. इंग्रजी कोश ‘टँक’ शब्दाची व्युत्पत्ती देताना एकीकडे पोर्तुगीज ‘तांक’कडे आणि दुसरीकडे गुजराती-मराठी ‘टांकं’कडे बोट दाखवतात. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय लोकांनी पाण्याचे हे साठे पाहिले आणि शब्द उचलला. आपल्या किल्ल्यांवर खडकात कोरलेली टाकी ज्यानं पाहिली आहेत, त्याला हिशोब वेगळा समजवायला नको. गडावर शिबंदी किती ठेवायची, वेढा किती महिने सोसायचा, हे तटाच्या उंचीइतकंच टाक्यातल्या पाण्यावर ठरायचं. आकडा बाहेरच्या परिस्थितीतून यायचा. गाडीच्या टाकीचंही तेच. 30 लिटर हा आकडा इंजिनानं मागितलेला नाही, वाळूनं मागितलेला आहे.

पण वाळू एका हातानं मागते आणि दुसऱ्या हातानं शिक्षा करते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे 30 लिटरचे बावीस-तेवीस किलो, आणि तेही इंजिनाच्या वर, छातीच्या उंचीवर. मऊ वाळूत गाडी एकदा कलली की हे वजन तिला खाली ओढतं. टाकी अर्धी झाली की आतलं पेट्रोल हिंदकळतं, वळणावर गाडी आपल्या मागून एक पाऊल उशिरा येते असं वाटतं. सकाळी भरलेली गाडी आणि संध्याकाळी रिकामी होत आलेली गाडी या दोन वेगळ्याच गाड्या असतात. बेल्जियमचा स्पर्धक गास्तों राये अंगानं छोटा. त्याच्या बीएमडब्ल्यूच्या सीटवर बसल्यावर पाय धड जमिनीला टेकत नसत. तरी 1984 आणि 1985 ची डाकार त्यानंच जिंकली. दुकानातली बीएमडब्ल्यूही मग फुगली. 1980 साली आलेल्या आर 80 जी/एस ला साडेएकोणीस लिटरची टाकी होती. 1984 मध्ये बीएमडब्ल्यूनं तिची पॅरिस-डाकार आवृत्ती काढली ती 32 लिटरची. तिथून पुढे या घरात एकाच गाडीच्या दोन बहिणी ठेवायची रीत पडली: एक साधी, एक मोठ्या टाकीची आणि ‘ॲडव्हेंचर’ नावाची. आजही आर 1300 जीएसची टाकी 19 लिटरची आणि तिच्या ॲडव्हेंचर बहिणीची 30 ची.

आपल्याकडे मात्र गुणाकाराचा दुसरा आकडा वाढवला गेला. टाकी मोठी करण्यापेक्षा ॲव्हरेज वाढवा. 1985 ला आलेल्या हिरो होंडा सीडी 100 ची सगळी जाहिरात हेच सांगायची की पेट्रोलचा विचार करणं सोडून द्या. ज्या देशात गाडी विकत घेताना पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा असतो, तिथे दहा लिटरपेक्षाही लहान टाकीची स्प्लेंडर एका भरण्यात पाचशे किलोमीटर सहज जाते. सहारासाठी बनलेल्या तेनेरेएवढंच अंतर, तिच्या एकतृतीयांश पेट्रोलमध्ये. याचा मला खरोखर अभिमान वाटतो. ही साधी अभियांत्रिकी नाही.

आणि टाकी संपत आल्याचं कळायची आपली रीतही वेगळी. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य माझ्या पिढीनं शेकडो वेळा म्हटलं असेल. टाकीखालच्या कॉकमध्ये दोन तोंडं असायची, एक उंच, एक तळाशी. उंच तोंडाला पेट्रोल पुरेना झालं की इंजिन फुरफुरायचं. चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून कॉक फिरवायचा. रिझर्व्हही संपलं की आकुर्डीत बनलेली बजाज चेतक रस्त्याकडेला आडवी करायची, कोपऱ्यात दडलेला घोटभर ऐवज बाहेर काढायचा आणि पंपापर्यंत पोचायचं. बीएमडब्ल्यूवाले वाळवंटात हेच करत. त्यांची टाकी फ्रेमवर खोगीरासारखी दोन्ही बाजूंना उतरलेली; एका कप्प्यातलं पेट्रोल दुसरीकडे यावं म्हणून तेही गाडी आडवी करत. आता फ्युएल इंजेक्शन आलं, इंधन ढकलणारा छोटा पंप टाकीच्या आत गेला, कॉक गेला आणि ती फुरफुरही गेली. आता आकड्यांचा पडदा सांगतो, अजून इतके किलोमीटर.

रॅलीच्या गाड्यांनी वजनाच्या प्रश्नावर एक उत्तर शोधलं: टाकी वर नको, खाली उतरवा, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना लोंबू द्या. 2019 ला आलेल्या केटीएम 790 ॲडव्हेंचरनं हीच मांडणी दुकानात आणली, 20 लिटर आणि वजन गुडघ्यांच्या खाली. चाकणमध्ये बनणारी 390 ॲडव्हेंचर त्याच घरातली, पण तिची साडेचौदा लिटरची टाकी नेहमीच्याच जागी. खाली बसवलेली टाकी दिसायला बेढब, यात वाद नाही. मला ती आवडते. तिच्यावर वाळूत पडलेल्या माणसाला गाडी उचलताना कळतं की कुणीतरी आपला विचार केला होता.

आणि तेनेरे? ती 2019 मध्ये परत आली, जवळपास 700 सीसीची, टाकी 16 लिटरची. नाव वाळवंटाचं, पोट गावात फिरण्याएवढं. दूर जाणाऱ्यांची गरज त्यात भागेना. 2022 मध्ये यामाहानं तिची वर्ल्ड रेड आवृत्ती काढली, एकूण 23 लिटरची, दोन्ही बाजूंना एकेक टाकी. पंपावर तिची दोन झाकणं उघडावी लागतात. आधी डावीकडचं भरायचं, मग नळी उजवीकडे न्यायची.