मोटारगाडीतील सूक्ष्म इंधनबाष्प गळतीचे निदान

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या इंधनटाकीतून, तिच्या झाकणातून अथवा तिला जोडलेल्या नळ्यांतून पेट्रोलची वाफ हवेत निसटत असल्यास ती जागा शोधून काढण्याच्या प्रक्रियेस इंधनबाष्प गळतीचे निदान असे म्हणतात. सूक्ष्म गळती डोळ्यांना दिसत नाही, तिचा वास येईलच असे नाही आणि गाडीच्या चालण्यातही सहसा फरक पडत नाही. बहुतेक वेळा इंजिन-तपासणीचा दिवा लागणे एवढेच तिचे लक्षण असते. त्यामुळे नेमके कारण न शोधता एकामागून एक सुटे भाग बदलले जातात आणि खर्च होऊनही दोष तसाच राहतो.

पार्श्वभूमी

पेट्रोलच्या वाफेत हायड्रोकार्बन संयुगे असतात. सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्यांची अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, हे शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या धूरक्याचा अभ्यास करताना दाखवून दिले. पेट्रोलच्या वाफेतील बेंझिन हे कर्करोगकारक आहे. बंद करून उभ्या असलेल्या गाडीतूनही ही वाफ बाहेर पडते, म्हणून धुराड्यावरील नियंत्रण पुरेसे ठरत नाही. कॅलिफोर्नियात १९७० पासून व संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासून नव्या गाड्यांत बाष्पनियंत्रण व्यवस्था आवश्यक झाली. १९९६ पासून अमेरिकेतील गाड्यांना सुमारे १ मिमी व्यासाच्या छिद्राएवढी गळती स्वतःच ओळखणे भाग पडले. २००० च्या सुमारास ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ०.५ मिमीपर्यंत खाली आणण्यात आली.

रचना

टाकीत तयार होणारी वाफ सक्रिय कोळशाने भरलेल्या डबीत, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शोषली जाते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो व साठलेली वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. तिच्या जागी बाहेरची हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून डबीत येते. विद्युतपुरवठा नसताना सर्वसाधारणपणे पर्ज व्हॉल्व्ह बंद, तर व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो. निदान करताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक असते. टाकीतील दाब मोजण्यासाठी स्वतंत्र संवेदक असतो.

गाडीची स्वयंचाचणी

सर्व पद्धतींचे तत्त्व एकच आहे: व्यवस्था हवाबंद करायची, आत दाबाचा फरक निर्माण करायचा आणि तो टिकतो का ते पाहायचे. काही गाड्यांत इंजिनाच्या ओढीने टाकीत निर्वात निर्माण केला जातो, तर काहींत छोटा पंप वापरतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत हा पंप गाडी बंद केल्यानंतर काही तासांनी चालतो आणि ठरावीक आकाराच्या प्रमाण-छिद्राशी तुलना करून गळती ठरवतो. तिसऱ्या पद्धतीत इंजिन बंद झाल्यावर व्हेंट व्हॉल्व्ह मिटतो. तापलेल्या इंधनामुळे आधी दाब वाढतो व थंड होताना निर्वात निर्माण होतो. दाब अपेक्षेप्रमाणे बदलला नाही तर गळती असल्याचे मानले जाते.

टाकी जवळजवळ रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असल्यास, तसेच हवामान अतिशय थंड वा उष्ण असल्यास ही चाचणी होत नाही. सामान्यतः लागोपाठ दोन चाचण्यांत दोष आढळल्यावरच दिवा लागतो.

दोषसंकेत

* पी ०४४१ – पर्ज मार्गातील प्रवाह अयोग्य
* पी ०४४२ – लहान गळती
* पी ०४४६ – व्हेंट नियंत्रण परिपथात दोष
* पी ०४५५ – मोठी गळती
* पी ०४५६ – अतिसूक्ष्म गळती
* पी ०४५७ – झाकण सैल किंवा नसणे

दोषसंकेत गळतीचा अंदाजे आकार सांगतो, जागा सांगत नाही. पी ०४४२ आढळला म्हणजे झाकणच खराब आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

निदानाचा क्रम

प्रथम झाकणाची रबरी कडी व ती जेथे बसते ती कड यांवर तडे, धूळ किंवा गंज आहे का ते पाहतात. त्यानंतर नळ्या, त्यांचे सांधे व कॅनिस्टर तपासतात. पर्ज व्हॉल्व्हसाठी एक सोपी चाचणी आहे. थंड इंजिन चालू करून व्हॉल्व्हचा विद्युतजोड काढावा, कॅनिस्टरकडून येणारी नळी सोडवावी आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरावे. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही असे समजावे.

एवढ्याने कारण न सापडल्यास धूरयंत्र वापरतात. स्कॅनरच्या आदेशाने व्हेंट व्हॉल्व्ह मिटवून खनिज तेलाचा धूर अतिशय कमी दाबाने आत सोडला जातो. जेथून धुराची बारीक रेघ निघते तेथे गळती असते. टाकी रिकामी असेल तर ती धुराने भरण्यास अधिक वेळ लागतो, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नये. प्रवाहमापक असल्यास आधी ०.५ मिमीच्या प्रमाण-छिद्राशी तुलना करून गळती खरोखर आहे का, याची खात्री करता येते.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते व ठिणगीने पेट घेते. गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही सोडू नये. तिच्या दाबाने टाकी व संवेदक बिघडतात, शिवाय आत ज्वालाग्राही मिश्रण तयार होऊ शकते. म्हणून धूर वाहून नेण्यासाठी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू अधिक सुरक्षित मानला जातो.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

स्कॅनरने दोषसंकेत पुसला की दिवा विझतो. पण ते दुरुस्तीचे प्रमाण नव्हे. संकेत पुसताना स्वयंचाचणीची नोंदही पुसली जाते. ती चाचणी पुन्हा पूर्ण होऊन निर्दोष ठरल्यावरच काम झाले असे म्हणता येते.

भारतातील स्थिती

भारतीय उत्सर्जन मानके युरोपीय मानकांवर बेतलेली आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले व दुचाकींतही कॅनिस्टर सर्रास दिसू लागले. बाष्प-उत्सर्जनाची चाचणी गाडी बंदिस्त कक्षात ठेवून केली जाते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अशा चाचण्या होतात. पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावरही रक्कम पूर्णांकात आणण्यासाठी थोडे अधिक पेट्रोल भरण्याची सवय आढळते. त्यामुळे द्रवरूप पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा निकामी होऊ शकतो.

हे सुद्धा पहा

* वायुप्रदूषण
* पेट्रोल
* भारत स्टेज उत्सर्जन मानके