बादगीरचे वारस

एसीच्या दुकानात गेलो की विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एक टन की दीड टन? आपणही खोलीकडे मनातल्या मनात पाहून दीड टन सांगून मोकळे होतो. पण हा टन कशाचा? यंत्राचे वजन तर एवढे नसते. हा टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे 2,000 पौंड किंवा सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात घराबाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. यंत्राने गारवा येण्यापूर्वी माणूस बर्फावर अवलंबून होता, त्याची ही खूण आजही बाजारभाषेत शिल्लक आहे.

तो बर्फ एकेकाळी आपल्याकडे अमेरिकेतून येत असे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने मे 1833मध्ये 180 टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांनी जहाज पोहोचले तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. लवकरच मुंबईच्या कोटात आणि मद्रासेतही बर्फाची कोठारे उभी राहिली. मद्रासचे कोठार अजून आहे, आज तिथे विवेकानंदांचे स्मारक आहे. मात्र हा बर्फ साहेबाच्या पेल्यापुरता होता. घर गार करण्याचे काम वाळ्याच्या ताट्या आणि भिश्ती करत. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे आणि भिश्त्याने पखालीतून त्यांवर दिवसभर पाणी मारत राहायचे. पुढे थर्मँटिडोट नावाचे यंत्र निघाले. मोठ्या पेटीत हाताने फिरवायचा पंखा आणि पेटीच्या तोंडांना ओला वाळा. यंत्र आले, पण ते फिरवायला माणूस लागतच होता. इतिहासात यंत्राचे नाव राहिले. ते फिरवणारा आणि ताट्या भिजवणारा भिश्ती मात्र एका जातीचे नाव होऊन उरला.

आता ज्याला आपण सेंट्रल एसी म्हणतो, म्हणजे एकाच ठिकाणी हवा गार करून ती सगळ्या खोल्यांत पोहोचवायची, त्याकडे येऊ. याचा इतिहास बहुतेक ठिकाणी 1902 सालापासून सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता आणि रंगांवर रंग नीट बसत नव्हते. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून हवेतील ओल आटोक्यात आणणारी यंत्रणा आखली. पहिली गरज माणसाच्या सुखाची नव्हती, कागदाची होती. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दही कापड गिरण्यांच्या कामातून आला, 1906मध्ये स्टुअर्ट क्रॅमर यांनी तो वापरला. त्याही आधी फ्लोरिडातील डॉक्टर जॉन गोरी यांनी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार ठेवण्याच्या धडपडीतून बर्फ करण्याचे यंत्र बनवले आणि 1851मध्ये त्याचे पेटंट घेतले होते.

घरात ही यंत्रणा आली ती 1914मध्ये, अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात चार्ल्स गेट्स या धनिकाच्या हवेलीत. यंत्र सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे एका खोलीएवढेच. गेट्स मात्र हवेली पूर्ण होण्याआधी 1913मध्येच वारले. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच सोय अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. ती इतक्या सहज पोहोचण्यामागे एक साधे कारण होते. थंडीमुळे तिथल्या अनेक घरांत गरम हवा फिरवणारे पत्र्याचे डक्ट आधीच बसवलेले होते. हिवाळ्यात भट्टीची गरम हवा ज्या वाटेने जायची, उन्हाळ्यात त्याच वाटेने गार हवा सोडता आली. आपल्याकडे घर गरम करायची गरजच नव्हती, म्हणून भिंतीत हवेच्या वाटाही नव्हत्या. त्यामुळे आपण खिडकीत यंत्र बसवले आणि नंतर भिंतीवर स्प्लिट टांगला. एका घरात चार खोल्या, चार यंत्रे.

इथे मला 1902च्या बरेच मागे जावेसे वाटते. एका जागी हवा पकडून ती अख्ख्या घरात फिरवायची, ही कल्पना कॅरियर यांच्यापेक्षा कितीतरी जुनी आहे.

इराणमधील यज्द शहर वाळवंटाच्या काठावर वसले आहे. तिथल्या घरांवर मनोरे दिसतात, त्यांना बादगीर म्हणतात. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे धरणारा. दौलताबाद बागेतील अठराव्या शतकातला अष्टकोनी बादगीर सुमारे 33 मीटर उंच आहे. बादगीर आतून पोकळ नसतो. उभ्या पडद्या घालून त्यात अनेक मार्ग केलेले असतात. वाऱ्याच्या बाजूच्या मार्गाने हवा खाली उतरते, खालच्या हौदातील पाण्यावरून जाते आणि खोल्यांत पसरते. उलट बाजूच्या मार्गाने आतली तापलेली हवा वर ओढली जाते. वारा पडला असला तरी गरम हवा वर चढतच असते, त्यामुळे घर कोंडत नाही. यज्दमध्ये वारा कोणत्याही दिशेने येतो म्हणून तिथले मनोरे चहूबाजूंनी उघडे. जवळच्या मेबोदमध्ये चांगला वारा एकाच दिशेचा, म्हणून तिथले बादगीर एकाच बाजूला तोंड उघडतात. कैरोमध्ये याच जातीच्या रचनेला मलकफ म्हणतात आणि तिचे तोंड उत्तरेच्या वाऱ्याकडे असते. इजिप्तचे वास्तुतज्ज्ञ हसन फतही यांनी चौदाव्या शतकातल्या मुहिबुद्दीन यांच्या वाड्याचा दाखला देऊन ही विद्या जगाला पुन्हा समजावून सांगितली.

आपल्या दख्खनमध्येही ही समज होती. अहमदनगरचा फराहबाग महाल पाण्याच्या मधोमध बांधला, म्हणजे येणारी झुळूक पाण्यावरूनच यावी. औरंगाबादच्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे, हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. भर उन्हाळ्यात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला गेलेल्याला तिथला गारवा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या जलशांत, व्याख्यानांत हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. सांगावाच. पण हा वारसा पुढे नेणारी माणसे आज कुठे आहेत, हा प्रश्न आपण विचारत नाही. माझे उत्तर असे की ती आपल्याच मोहल्ल्यात आहेत आणि आपण त्यांना ‘एसीवाला’ म्हणतो.

इराणच्या दक्षिणेकडील बस्तक गावचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुबईच्या खाडीकाठी येऊन राहिले. सोबत त्यांनी बादगीर आणला. अरब त्याला बर्जील म्हणतात. त्यांच्या वस्तीचे नाव बस्तकिया पडले, आज ती अल फहीदी म्हणून पर्यटकांना दाखवतात. 1966मध्ये दुबईत तेल सापडले, वीज आणि काँक्रीट आले, बर्जील मागे पडले. बस्तकियाचा काही भाग तर 1980च्या दशकात पाडलाही गेला. नवी घरे कोरी जमीन बघून बांधली जात होती. त्यामुळे आराखड्यातच फॉल्स सीलिंग, तिच्या वर डक्टसाठी जागा आणि गच्चीवर यंत्र असा विचार करता आला. अमेरिकेत गरम हवेच्या जुन्या वाटा होत्या, आखातात सगळे नव्याने आखता आले. म्हणून तिथे व्हिलांमध्ये सेंट्रल एसी रुजला.

हे डक्ट बसवले कोणी? त्या हातांमध्ये रत्नागिरी, रायगडचे हात होते. कोकणातल्या मुस्लिम घरांतून आखातात गेलेल्या दोन-तीन पिढ्यांत आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग शिकलेली मुले होती, तसेच तिथेच हेल्पर म्हणून लागून काम शिकलेलीही होती. जीआय पत्रा कापायचा, वळवायचा, जोडायचा, त्यावर इन्सुलेशन चढवायचे आणि तापलेल्या गच्चीवर यंत्र बसवायचे. तिथल्या उन्हाची कल्पना यावी म्हणून सांगतो, संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे.

या कामात कसब काय, असे वाटणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात जातो. चांगला कारागीर यंत्राचा आकार खोलीच्या फुटांवरून ठरवत नाही. खिडक्या कोणत्या दिशेला, वर स्लॅब आहे की आणखी एक मजला, घरात माणसे किती, स्वयंपाकघर कुठे, याची मोजणी करतो. अमेरिकेत या मोजणीची प्रमाण पद्धत ‘मॅन्युअल जे’ नावाने ओळखतात आणि डक्टच्या आखणीची ‘मॅन्युअल डी’ नावाने. गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले तर खोली झटकन गार होते आणि यंत्र बंद पडते. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. कोकणासारख्या दमट हवेत मग गार पण चिकट खोली मिळते. म्हणजे जी ओल काढण्यासाठी कॅरियर यांनी हे सगळे सुरू केले, तीच घरात राहते.

डक्टचेही तसेच. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या मते तिथल्या साधारण घरात डक्टमधल्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा गळती आणि सैल जोडांमुळे वाया जाते. बादगीरच्या पडदीला भेग पडली तर जे होईल तेच हे. गार हवा देणाऱ्या वाटेइतकीच खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणारी वाटही महत्त्वाची. यज्दच्या गवंड्याला हे ठाऊक होते, म्हणून त्याने उतरणारी आणि चढणारी हवा वेगवेगळी वळवली. तांब्याच्या नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडावा लागतो, नाहीतर नळीत काजळी धरते. मग नायट्रोजनच्याच दाबाने गळती तपासायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल पूर्ण काढायची आणि नंतरच वजन करून गॅस भरायचा. पूर्वीचे सीएफसी गॅस ओझोनच्या थराला छिद्र पाडतात म्हणून 1987च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाले. आज घरोघरी दिसणारा आर-32 त्या थराला धक्का लावत नाही, पण तो काही प्रमाणात पेट घेणारा आहे. तो हाताळणे हे जबाबदारीचे काम आहे.

आता आपल्या गावांकडे पाहा. आखातातल्या पैशातून कौलारू घरे गेली आणि स्लॅबचे बंगले आले. कौलांच्या फटींतून, पडवीतून, माजघराच्या अंधारातून जो गारवा मिळत होता तो गेला आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. मग प्रत्येक बेडरूमला एसी. यंत्राची कंपनी, टन, स्टार यांची चौकशी आठवडाभर चालते. बसवायला मात्र ‘फ्री इन्स्टॉलेशन’वाला जो येईल तो. तासाभरात भिंतीला भोक, दोन नट आणि काम खल्लास. व्हॅक्यूम पंप त्याच्यापाशी आहे का, हे कोणी विचारत नाही. मशिदीत एसी बसतो तेव्हाही हेच. चंदा किती जमला, किती टन आले याची घोषणा होते, मोजणी कोणी केली याची होत नाही. आणि त्याच जमातीत पहिल्या सफेत एखादा पन्नाशीचा माणूस बसलेला असतो, ज्याने दुबईत किंवा दोह्यात वीस वर्षे व्हिलांचे डक्ट आखले. त्याचा सल्ला कोणी घेत नाही, कारण आपल्या लेखी तो इंजिनिअर नाही, मेकॅनिक आहे.

मजुराला वेळेवर मोबदला द्यावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. पण विद्येचा मोबदला नुसता पैशात चुकता होत नाही. ती विद्या विचारावी लागते, नोंदवावी लागते, पुढच्या मुलांना द्यावी लागते. केंद्र सरकारच्या 2019च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनने एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. म्हणजे या कामाला शिक्षण लागते हे सरकारने कागदावर मान्य केले आहे. आपल्या अंजुमन आणि जमाती शाळा चालवतात, शिष्यवृत्त्या देतात. आखातातून परतलेल्या अशा दहा माणसांना सुट्टीत मुलांसमोर उभे केले, तर कोणत्याही अनुदानाशिवाय एक चांगला वर्ग सुरू होईल. त्यांच्यापाशी हत्यारे आहेत, अनुभव आहे आणि बहुतेकदा वेळही आहे.

नवे घर बांधणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. आर्किटेक्टचा नकाशा पक्का होण्याआधी अशा एखाद्या माणसाला तो दाखवा. खिडकी कुठे हलवावी, स्लॅबवर सावली कशी करावी, डक्टला जागा किती सोडावी, हे तो सांगेल. कदाचित तो असेही सांगेल की चारपैकी दोन खोल्यांना यंत्राची गरजच नाही. दुकानदार हे कधी सांगणार नाही.