घरपट्टीचे बंड : कॅलिफोर्निया, १९७८

'कमी कर, आटोपशीर शासन' ही अमेरिकी घोषणा म्हटली की आपल्याला रेगन आठवतात. पण रेगन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या अडीच वर्षे आधी, ६ जून १९७८ रोजी, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी आपली घरपट्टी स्वतःच कापून घेतली होती. राज्यपाल जेरी ब्राउन आणि शिक्षक संघटनांचा विरोध असतानाही. हा धागा त्या 'प्रस्ताव १३' विषयी.

गंमत अशी, की या बंडाचे मूळ एका भ्रष्टाचारविरोधी सुधारणेत आहे. साठच्या दशकापर्यंत घरांचे करमूल्य ठरवणारे निवडून आलेले अधिकारी सामान्य मतदाराचे घर मुद्दाम कमी किमतीचे दाखवत. काही जण व्यापाऱ्यांकडून पैसे घेऊन त्यांचेही मूल्य खाली आणत. सॅन फ्रान्सिस्कोचे असे एक प्रकरण उघडकीस आले, त्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली आणि कायदा आला : सर्व मालमत्तांचे करमूल्य बाजारभावाच्या २५ टक्के. न्याय्यच होते. पण त्या लाचखोर व्यवस्थेच्या आडोशालाच सामान्य घरमालक उभा होता, हे तो आडोसा गेल्यावर कळले.

सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भडकल्या. ज्याला घर विकायचेच नाही, त्याच्याही हाती दुप्पट-तिप्पट कराची बिले पडू लागली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने ही वाढलेली श्रीमंती निव्वळ कागदी होती. कर मात्र रोख भरायचा. दुसरीकडे राज्याच्या तिजोरीत सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक साचली होती. संताप अनावर होण्यास हा विरोधाभास पुरेसा होता.

त्या संतापाला वाचा दिली हॉवर्ड जार्विस या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने. याआधीचे त्यांचे प्रयत्न फसले होते. या खेपेस पॉल गॅन यांच्या साथीने स्वयंसेवकांनी बारा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. जार्विस लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या इमारतींच्या मालकसंघटनेसाठी काम करत, हे मात्र विसरू नये. चळवळ तळागाळातली होती, पण तिच्यात हितसंबंध नव्हते असे नाही.

प्रस्ताव साधा होता. कर मूल्याच्या १ टक्क्यापुरता. मूल्य १९७५च्या पातळीवर. वार्षिक वाढ जास्तीत जास्त २ टक्के. घर विकले गेले तरच नवे मूल्य. शिवाय राज्याचा कोणताही कर वाढवायचा तर विधिमंडळात दोनतृतीयांश मते हवीत. मतदानाच्या तोंडावर लॉस एंजेलिसमध्ये नवी, फुगलेली करमूल्ये जाहीर झाली आणि उरलासुरला संशयही मावळला.

घरपट्टीचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. ब्राउन यांनी तत्काळ बाजू बदलली, शिलकीतून स्थानिक संस्थांना पैसा पुरवला आणि नोव्हेंबरात पुन्हा निवडूनही आले. मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा भाग. गावाच्या कराची नाडी आता राजधानी सॅक्रामेंटोच्या हाती गेली. शासन आवरायला निघालेल्या लोकांनी वरचे शासनच बळकट केले. भाडेकरूंना भाडेकपातीची आशा दाखवली होती. भाडी फारशी उतरली नाहीत, तेव्हा १९७९ मध्ये सांता मोनिकाने भाडेनियंत्रण आणले. म्हणजे एका बंधनाविरुद्धच्या चळवळीच्या पोटी दुसरे बंधन जन्मले!

मुंबईकराला हे ओळखीचे वाटेल. भाडेनियंत्रणाने गोठलेल्या भाड्यांवर घरपट्टी बेतल्यामुळे आपल्याकडेही दशकानुदशके जुन्या चाळीचा कर नाममात्र आणि शेजारच्या नव्या इमारतीचा कितीतरी पट होता. कॅलिफोर्नियात हीच विषमता १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. नव्या खरेदीदार महिलेचा कर तशाच घरात आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट होता. न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी नियम वैध ठरवला. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधात होते. जुन्या मालकांना त्यांनी जमीनदारांची उपमा दिली.

२०२० मध्ये घरांना हात न लावता केवळ मोठ्या व्यापारी मालमत्तांपुरते हे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. तोही सुमारे ५२ टक्के मतदारांनी फेटाळला.