कांदा, भाकरी आणि आंबील

लासलगावात बोलतोय, तर इजिप्तची सुरुवात कांद्यापासूनच करू. तिथल्या मजुराचं रोजचं जेवण काय? भाकरी, कांदा आणि जवाची बिअर. देर अल-मदिना या कारागिरांच्या गावात मजुरीच धान्यात मिळे: भाकरीला खपली गहू, बिअरला जव. मजुरीचा हिशेब लिहिला गेला, म्हणून त्यांचं पेयही इतिहासात आलं.

आता आपल्याकडे या. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. तिथल्या ताम्रपाषाण संस्कृतीची ओळखच तोटीची भांडी. पुढे इनामगावात तर ती मृतांशेजारी ठेवलेली सापडली. म्हणजे शेवटच्या प्रवासातही पेय हवंच! पण त्या लोकांकडे लिपी नव्हती. आपल्याकडे आहे ना? मग आजीची आंबील कशी करतात, ते लिहून ठेवा. मातीत तोटी टिकते, कृती नाही.