थंडीतून उन्हात

इटियाडोह धरण पाहायला गेलो की मी गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत डोकावतोच. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं आणि मध्येच वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका! १९७२ साली ही 'नोर्ग्येलिंग' वसाहत वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता.

आपण परदेशी निघताना डॉक्टरांना विचारून घेतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी टोचून घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्याही निघण्याआधीच सुरू करायच्या असतात. १९५९ मध्ये जीव मुठीत घेऊन हिमालय ओलांडणाऱ्यांना हे कोण सांगणार? ल्हासा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच. तिकडची माणसं अंगावरच्या लोकरी कपड्यांनिशी आसामातल्या मिसामारीच्या छावणीत उतरली. दमट उकाडा, बांबूच्या झोपड्यांत दाटीवाटी, डास, न मानवणारं पाणी. कित्येक जण दगावले. भिक्षूंना बंगालमधल्या बक्सा किल्ल्यात ठेवलं. इंग्रजांनी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबलं होतं, तोच हा किल्ला. तिथं क्षयानं गाठलं. मग अनेकांना थंड डोंगरांत रस्त्यांच्या कामावर हलवण्यात आलं.

पण खडी फोडून जन्म कसा काढणार? कसायला जमीन हवी, आणि ती मिळाली मैदानी राज्यांतल्या जंगलांत. त्यातलीच एक ही, विदर्भाच्या उन्हातली. गंमत बघा, हिवाळा आला की इथली बरीच मंडळी गाठोडी बांधून शहरोशहरी निघतात, आपल्याला स्वेटर विकायला.