जुनी मार्बलची फरशी पुन्हा कशी चमकवायची? दमट हवेतली निगा, फोनने तपासणी आणि पॉलिशची संपूर्ण माहिती

मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात राहत असाल आणि घरात मार्बलची फरशी असेल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. दहा-पंधरा वर्षांत चमक जाते, दारापासून सोफ्यापर्यंत येण्याजाण्याचा पट्टा निस्तेज दिसायला लागतो आणि पावसाळ्यात लादी चक्क ओली होते. मग घरात ठरतं, "पॉलिशवाल्याला बोलवा." तो येतो, मशीन फिरवतो, वर एक कोटिंग मारतो. काही महिन्यांतच पांढरे डाग पडतात आणि कोटिंगचे पापुद्रे निघतात.

असं का होतं, तर दोष कोणता आहे हे न बघताच उपाय केला जातो. या लेखात मी तेच सविस्तर सांगणार आहे: मार्बल खराब कशामुळे होतं, तुमच्या फोनने ते कसं तपासायचं, घरी काय करता येतं आणि कारागिराला कधी बोलवायचं.

मार्बल म्हणजे नेमकं काय?

मार्बल म्हणजे संगमरवर. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे कॅल्साइट या खनिजाचा बनलेला असतो. आपल्याकडे सर्वात नावाजलेला दगड राजस्थानातल्या मकरान्याचा. ताजमहाल आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल याच दगडाचं आहे. २०१९ मध्ये मकराना मार्बलला जागतिक वारसा दगड म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

दगड म्हटला की तो कडकच असणार, असं आपल्याला वाटतं. पण खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्स पट्टीवर कॅल्साइटचा नंबर फक्त ३ आहे. चपलेला चिकटून येणाऱ्या वाळूतल्या क्वार्ट्झचा नंबर ७. म्हणजे घरात आलेला वाळूचा प्रत्येक कण फरशीवर सँडपेपरसारखं काम करतो.

दुसरी गोष्ट, कॅल्शियम कार्बोनेटवर ॲसिड पडलं की ते विरघळतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोल्ड्रिंक, बाथरूम साफ करायचं ॲसिड, या सगळ्यांनी दगडाचा वरचा चकचकीत थर खाल्ला जातो.

जुन्या चाळींत आणि बिल्डिंगांत मोझॅक लादी असते. त्यात सिमेंटमध्ये मार्बलचेच तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे या लेखातले बहुतेक नियम मोझॅकलाही लागू पडतात.

दमट हवेत वेगळं काय होतं?

ओल दोन वाटांनी येते, आणि त्या वाटा ओळखणं हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे.

पहिली वाट वरून, म्हणजे हवेतून. समजा बाहेर तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के आहे. अशा हवेचा ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू, साधारण २६ अंश असतो. या हवेला २६ अंशांपेक्षा थंड वस्तू लागली की तिच्यावर पाणी जमतं. रात्रभर एसी २४ वर चालला, फरशी थंड झाली आणि सकाळी तुम्ही खिडक्या उघडल्या, तर फरशीला "घाम" फुटणारच. थंड पाण्याच्या बाटलीवर थेंब येतात, अगदी तसंच.

दुसरी वाट खालून. तळमजल्यावर जमिनीतली ओल, किंवा बाथरूमशेजारच्या खोलीत गळणाऱ्या पाइपचं पाणी, सिमेंटच्या थरातून दगडात चढतं. हे पाणी सोबत क्षार आणतं. पाणी सुकलं की क्षारांची पांढरी पावडर वर उरते. तेच क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगले, तर दगडाचा वरचा थर भुगा होऊन सुटायला लागतो. काही पांढऱ्या मार्बलमध्ये लोहाचा अंश असतो. सतत ओल राहिली की तो गंजतो आणि फरशी पिवळट पडते.

वरून येणारी ओल हवा आणि तापमान सांभाळून थांबवता येते. खालून येणारी ओल थांबवायला गळती किंवा वॉटरप्रूफिंगचं काम लागतं. पॉलिश करून ती जात नाही.

फोनने फरशी तपासा: ५ सोप्या पायऱ्या

१. टॉर्च टेस्ट. रात्री खोलीतले दिवे बंद करा. फोन जमिनीला जवळजवळ टेकवून टॉर्च आडवी मारा. वरून न दिसणारे ओरखडे, ॲसिडचे चट्टे आणि वर-खाली झालेल्या लाद्यांच्या कडा लगेच सावलीसकट दिसतात. मी स्वतः कुठल्याही फरशीची तपासणी इथूनच सुरू करतो.

२. फोटो काढा, पण नीट. आजकालचे कॅमेरे फोटो आपोआप गुळगुळीत आणि उजळ करतात, त्यामुळे बारीक दोष लपतात. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद ठेवा. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. दर वर्षी त्याच जागेचा, त्याच वेळी, त्याच कोनातून फोटो घ्या. तुलना तेव्हाच खरी होते.

३. ड्यू पॉइंट बघा. बऱ्याच हवामान ॲपमध्ये आर्द्रतेजवळच ड्यू पॉइंट दिलेला असतो. पण हा आकडा तुमच्या खोलीतला नसतो, तो बाहेरच्या हवेचा असतो. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये आर्द्रतेचा सेन्सर होता, पण आजच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. खोलीतली आर्द्रता मोजायची असेल तर छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. ब्लूटूथवालं मॉडेल फोनवर आलेखही दाखवतं.

४. पाण्याचा थेंब. कोरड्या फरशीवर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब ठेवा आणि टायमर लावा. १० मिनिटांनी पुसल्यावर तिथे दगड गडद दिसला, तर तो पाणी शोषतोय.

५. प्लास्टिक टेस्ट. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने पक्कं चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. त्या वेळात एसी बंद ठेवा. प्लास्टिकच्या खाली पाणी जमलं किंवा दगड गडद झाला, तर ओल खालून येते आहे. फक्त वरच्या बाजूला पाणी दिसलं, तर ती हवेतली. एवढ्याशा टेस्टने मोठा फुकटचा खर्च वाचू शकतो.

दोष ओळखा, मग उपाय करा

ओरखडे: टॉर्चमध्ये रेषा दिसतात. हलके असतील तर पॉलिशने जातात. नखाला लागत असतील तर घिसाई करावी लागते.

ॲसिडचा चट्टा: जागा फिकट आणि निस्तेज दिसते, हाताला खरखरीत लागते. कितीही पुसलं तरी जात नाही, कारण तिथे काही चिकटलेलं नाही, उलट दगडच कमी झालेला आहे. लहान चट्टा टिन ऑक्साइडच्या पॉलिशिंग पावडरने, ओल्या फेल्ट पॅडवर घासून घरी काढता येतो.

डाग: जागा मूळ रंगापेक्षा गडद दिसते. हळद, चहा, तेल अशा गोष्टी दगडात मुरलेल्या असतात. इथे घासून उपयोग नाही, लेप लावून डाग ओढून घ्यावा लागतो. ताजमहालाचा पिवळेपणा काढायला भारतीय पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप देतं. घरचा उपायही त्याच तत्त्वावर चालतो. तेलाच्या डागासाठी खायचा सोडा आणि पाण्याची जाड पेस्ट लावा. हळद-चहासाठी सोड्यात पाण्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. हे फक्त पांढऱ्या मार्बलवरच वापरा, गडद दगडाचा रंग उडू शकतो. पेस्ट प्लास्टिकने २४ तास झाका, मग प्लास्टिक काढून पूर्ण सुकू द्या. सुकताना ती डाग वर खेचते. दमट दिवसांत पंखा लावून ठेवा. आधी कपाटामागच्या कोपऱ्यात करून बघायला विसरू नका.

पांढरी पावडर: ही खालच्या ओलीची खूण आहे. कोरड्या ब्रशने झाडा आणि गळती शोधा. पॉलिश नंतर.

घिसाई आणि पॉलिश कशी होते?

फरशी बरीच झिजली असेल तर कारागीर बोलवावाच लागतो. योग्य क्रम असा:

१. सांधे साफ करून, मिळत्या रंगाचं फिलर भरून सुकू देणं.

२. पाणी घालत मशीनने घिसाई. ५० किंवा १०० नंबरच्या डायमंड पॅडपासून सुरुवात करून २००, ४००, ८००, १५००, ३००० असं चढत जायचं. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो. मधला नंबर गाळला तर ते ओरखडे चमकीखाली तसेच राहतात, आणि टॉर्च मारली की दिसतात.

३. प्रत्येक टप्प्यानंतर पांढरी राळ, म्हणजे स्लरी, पूर्ण उचलणं. ती मोरीत ओतू देऊ नका. पाइपमध्ये बसून घट्ट होते.

४. शेवटी पावडर पॉलिश. यात ऑक्झॅलिक ॲसिड वापरलं जातं. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे हवेत आणि मुलं-पाळीव प्राणी खोलीबाहेर.

मशीन ओल्या फरशीवर चालतं, त्यामुळे घरात ईएलसीबी चालू आहे ना, हे आधी तपासा. प्रत्येक घिसाईत दगड थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही, म्हणून साध्या पॉलिशने भागत असेल तर ५० नंबर लावू देऊ नका.

काम कधी करायचं? पावसाळा संपल्यावर. माझ्या मते आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात चांगला काळ आहे, कारण घिसाईत मुरलेलं पाणी तेव्हा लवकर सुकतं.

सीलर लावायचा का?

हो, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. सीलर दोन प्रकारचे असतात.

आत मुरणारा सीलर: हा दगडाच्या छिद्रांत जातो, वर थर करत नाही. वाफ बाहेर पडू शकते. दमट हवेत हाच घ्या. डब्यावर लिहिलेल्या वेळेत जास्तीचा सीलर पुसून काढा, नाहीतर चिकट डाग राहतात.

वरून बसणारं कोटिंग: ॲक्रिलिक, पीयू किंवा मेणाचा थर. पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो. पण खालून ओल येत असेल तर ती थराखाली अडकते, थर पांढरा पडतो आणि सुटतो.

महत्त्वाचं म्हणजे, आत मुरणारा सीलर डाग मुरायला वेळ लावतो, पण लिंबाचा चट्टा थांबवत नाही. ॲसिड पृष्ठभागावरच काम करतं. "सीलर लावला की काहीच होणार नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि प्लास्टिक टेस्टमध्ये खालून ओल दिसली असेल, तर ती बंद होईपर्यंत सीलर लावूच नका.

रोजची काळजी

• दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणं. वाळू तिथेच थांबली पाहिजे.

• आधी मऊ झाडू, मग मायक्रोफायबर मॉप. दोन बादल्या वापरा, एक साबणाची, एक साध्या पाण्याची.

• न्यूट्रल क्लीनर घ्या, म्हणजे पीएच ७ च्या आसपास. व्हिनेगर-लिंबाचे व्हायरल व्हिडिओ मार्बलसाठी नाहीत.

• ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड फरशीपासून लांब ठेवा. दोन्ही एकत्र तर कधीच करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

• लोखंडी कपाट, सिलिंडर, कुंड्यांच्या स्टँडखाली रबर किंवा फेल्ट लावा. ओलीत गंजाचा डाग पटकन बसतो.

• बाहेरचा ड्यू पॉइंट एसीच्या सेटिंगपेक्षा जास्त असेल तर एसी बंद केल्यावर लगेच खिडक्या उघडू नका. फरशी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पंखा चालू ठेवा. फरशी आधीच ओली असेल तर एसीचा ड्राय मोड लावा.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. घाम आलेली पॉलिश फरशी काचेसारखी निसरडी होते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या उठायच्या वेळी बेड ते बाथरूमचा रस्ता कोरडा आहे ना, हे चमकीच्या आधी बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी फरशी मार्बल आहे की व्हिट्रिफाइड टाइल? कपाटाखाली, न दिसणाऱ्या जागी व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर दगडात कॅल्साइट आहे. लगेच पाण्याने पुसा. मात्र कोटा दगडालाही बुडबुडे येतात, कारण तो चुनखडक आहे.

हिरव्या मार्बललाही हेच नियम का? नाही. केसरियाजीचा हिरवा "मार्बल" खरं तर सर्पेंटाइन खडक आहे. त्याचा पाण्याशी त्रास वेगळा. पातळ लाद्या ओलीत वाकू शकतात. कारागिराला आधीच सांगा.

फोटोवरून ॲप दोष सांगेल का? अंदाज देईल. पण दगड पाणी शोषतो की नाही, ओल खालून येते की वरून, हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी थेंब आणि प्लास्टिकच हवं.

कारागिराला काय विचारू? कोणत्या नंबरपासून सुरू करणार, मधले नंबर कोणते, शेवटी कोटिंग की आत मुरणारा सीलर, आणि स्लरी कुठे टाकणार. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी दिवे बंद करून टॉर्च टेस्ट करा, त्याच्यासमोरच.

तर मित्रांनो, आज रात्री जेवण झाल्यावर आधी टॉर्च टेस्ट करा आणि झोपण्यापूर्वी प्लास्टिक चिकटवून ठेवा. उद्या दुपारपर्यंत तुमची फरशी काय मागते आहे, हे तुम्हाला कळलेलं असेल.