रहिमतपूरचा कारभार आणि खुली आज्ञावली

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरची नगरपालिका १८५३ सालची. १८५०चा सव्विसावा कायदा गावकऱ्यांनी मागणी केली तरच लागू होई. म्हणजे कारभार अंगावर घ्यायचा की नाही हे गावाने ठरवायचं. तो करायचा कसा, हे शिकवण्याची सोय मात्र कायद्यात नव्हती. गटारं, दिवाबत्ती, घरपट्टी हे सगळं नवा कारकून जुन्याच्या हाताखाली शिके. १९२६ साली मुंबईत स्थानिक स्वराज्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, तेव्हा पालिकेच्या नोकराला पद्धतशीर अभ्यासक्रम मिळू लागला. १९६३मध्ये राज्याचं प्रशासकीय महाविद्यालयही मुंबईतच सुरू झालं. १९८४मध्ये ते पुण्याला गेलं, तीच आजची यशदा. या संस्थांचं काम मोठं आहे. पण अभ्यासक्रम वर तयार होणार आणि मुख्याधिकारी किंवा लेखापाल तो ऐकून परतणार, ही रीत बदलली नाही. १९६५चा नगरपरिषद अधिनियम त्याला समजतो. थकलेली पाणीपट्टी वसूल करताना तो स्वतः जे शिकतो, ते मात्र त्याच्याबरोबर बदलीवर जातं.

खुल्या आज्ञावलीचा खरा उपयोग इथे आहे. मार्टिन डूगिआमास यांनी २००२मध्ये खुलं केलेलं मूडल हे शिकवण्याचं व्यासपीठ कोणालाही वापरता, बदलता येतं. सरकारी नोकरांच्या प्रशिक्षणासाठी सप्टेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीचं आयगॉट हे व्यासपीठ सनबर्ड या खुल्या आज्ञावलीवर उभं आहे. शिक्षकांसाठीचं २०१७चं दीक्षाही तिच्यावरच. तेव्हा सरकारी प्रशिक्षणाला असली आज्ञावली पेलेल का, हा वाद मिटला म्हणायला हरकत नाही. मिटलेला नाही तो धडा कोणी लिहायचा हा प्रश्न. लेखापालाने चित्रफीत पाहायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं एवढंच असेल, तर मागचा कोड खुला की बंद, त्याला काय त्याचं? १९२६ची रीतच संगणकावर आली. परवान्याचे पैसे वाचतात म्हणून खुली आज्ञावली घ्या, हे समर्थन त्यामुळेच मला तोकडं वाटतं.

लहान पालिकेत सर्व्हर सांभाळणारा माणूस कुठून आणायचा, असं कोणी विचारेल. आक्षेप खरा आहे. रहिमतपुरातच मशिदीजवळ सुमारे पन्नास फूट उंचीचा, पाणी वर चढवण्याचा आदिलशाही बुरूज आहे. तो मशिदीच्या कारंज्यासाठी बांधला. पण रोज पाणी चढवणारं कोणी नसेल तर कारंजं उडायचं कसं? म्हणून आज्ञावली यशदाने चालवावी आणि धडे लिहिण्याचा, सुधारण्याचा हक्क पालिकांना द्यावा. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालतात; तेव्हा जोडणीची सबब फार ताणता येत नाही. दुसरा आक्षेप एकसूत्रीपणाचा: कायदा राज्यभर एक, मग गावोगावचे धडे निराळे झाले तर चुका पसरतील. पण कलमं बदला असं कोण म्हणतं? बदलायची ती उदाहरणं, आणि तीही तपासणीनंतरच. मूडलमध्ये लिहिणारा, तपासणारा आणि शिकणारा यांचे अधिकार वेगळे ठेवता येतात. शिवाय वरून आलेल्या अभ्यासक्रमातही चुका असतातच. ज्याला त्या दिसतात त्याच्या हाती दुरुस्ती नसते. म्हणून अशा व्यासपीठाचा करार होईल तेव्हा त्यात आज्ञावलीच्या नावाआधी संपादकांची यादी पाहावी, आणि तिच्यात एखाद्या लहान, ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या लेखापालाला जागा आहे का, हे विचारावं.